गेटबाहेरचे पालक

मार्चच्या मध्यावर आमच्या चर्चच्या आवारातल्या वावळाच्या झाडाच्या चकत्या सुटतात. कागदासारख्या पातळ, मधोमध बी असलेल्या त्या चकत्या वाऱ्याबरोबर कुठेही जातात. पायऱ्यांवर, बाकांखाली, पेटीच्या भात्यावर, रविवारी पांढरी साडी नेसून आलेल्या बायकांच्या अंबाड्यात. त्या दिसल्या की मला दोन गोष्टी एकदमच आठवतात, लेंट आणि परीक्षा. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ. पुण्यात तो नेमका बोर्डाच्या परीक्षांमध्ये येतो. एकीकडे प्रार्थना, दुसरीकडे प्रश्नपत्रिका संच. आमचे जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणायचे, "आपल्याकडे मुलं वर्षभर अभ्यास करत नाहीत आणि मोठी माणसं वर्षभर प्रार्थना करत नाहीत. दोघांची धावपळ एकाच महिन्यात."

यंदा माझी रिया दहावीला आहे. दुपारी तिच्या खोलीचं दार बंद असतं. मागच्या आठवड्यात ताकाचा ग्लास घेऊन मी त्या दाराबाहेर उभी राहिले. आत ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मी दार वाजवलं तसं बोलणं थांबलं. "ठेव तिथं, घेते मी," आतून आवाज आला. मी ग्लास स्टुलावर ठेवला आणि परत फिरले, आणि आठ वर्षांपूर्वीचा तो सगळा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला.

तेव्हा आमच्या चर्चचा तरुण संघ मी चालवत होते. खराडीच्या एका कंपनीत माझी सकाळी सहाची शिफ्ट असायची, दुपारी दोनला सुटायची. घरी जाण्याआधी मी पाचपर्यंत चर्चच्या हॉलमध्ये थांबायची. रविवारी चारला मुलं जमायची. एकोणीस जण होते. कुणी येरवड्याहून, कुणी वडगाव शेरीहून, कुणी दोन बस बदलून. गाणी, शास्त्राचा एखादा उतारा, त्यावर गप्पा, मग वडापाव. मुलं मला सुनीताताई म्हणायची आणि बरंच काही सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कुठला विषय जमत नाही, कुणाच्या घरी काय धुसफूस आहे. या विश्वासाचा मला अभिमान होता. आता कळतं, त्यात थोडी फुशारकीही होती. घरी न सांगितलेलं मला सांगतात, म्हणजे मी कुणीतरी आहे. माझी स्वतःची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि शाळेतून आली की डबा उघडायच्या आधीच सगळा दिवस माझ्यापुढे ओतायची. मुलं आईबापांपासून काही लपवतात ही गोष्ट मला माहीत होती, पण ती दुसऱ्यांच्या घरची गोष्ट होती.

पालक गेटबाहेर असायचे. सहाच्या सुमारास दुचाक्यांची रांग लागायची. वडील गाडीच्या सीटवर आडवे बसून मोबाइल बघायचे, आया भाजीची पिशवी हँडलला अडकवून एकमेकींशी बोलायच्या. मुलं बाहेर पडली की एकेक गाडी सुरू व्हायची. मी आतून हात हलवायची, ते तिकडून मान हलवायचे. दोन वर्षं आमची ओळख तेवढीच होती.

त्या रांगेत विलास रणपिसे असायचे. मूळचे नगरकडचे, हिंजवडीला जाणारी कंपनीची बस चालवायचे. त्यांची मुलगी एस्तेर त्या वर्षी बारावीला होती. बुटकी, दोन वेण्या घालणारी, कमी बोलणारी. झाडांचं मात्र तिला वेड होतं. आवारातल्या प्रत्येक झाडाला ती ओळखीच्या माणसासारखी नावानं हाक मारायची. बोर्डाची परीक्षा संपली आणि विलासभाऊंनी तिला लगेच इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला घातलं. रोज दुपारी एक ते पाच. बसमधल्या इंजिनिअर मुलामुलींना विचारून विचारून त्यांनी तो क्लास निवडला होता. त्यातल्या काहींना ते सांगायचेही, "चारपाच वर्षांनी आमचं पोरगंबी ह्याच बसमध्ये बसंल. तिकीट काढायला लागणार नाय तिला."

एस्तेर त्या क्लासला चार दिवस गेली. पाचव्या दिवशी अडीच वाजता मी हॉलवर पोचले तर ती पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "ताई, मी इथं बसू? तिथं मला काहीच कळत नाही. सर विचारतात आणि सगळे हात वर करतात. मी एकटीच नाही करत."

"घरी सांगितलंस?"

"सांगीन. पप्पांना इतक्यात नका सांगू, प्लीज."

मी म्हटलं बरं. एक दिवस, दोन दिवस. ती हॉलच्या कोपऱ्यात बसून वहीत पानं चिकटवायची, त्यांच्या बाजूला बारीक अक्षरात नावं लिहायची. शिरीष, काटेसावर, पिंपरन, बूच. क्लासमध्ये असल्यासारखा मोबाइल बंद ठेवायची आणि पाचला दप्तर उचलून घरी जायची. मी रोज विचारायची, "सांगितलंस?" ती रोज म्हणायची, "आज सांगते." असे दोन आठवडे गेले. एकदाही मला वाटलं नाही की आपण विलासभाऊंना फसवतो आहोत. मला वाटायचं, मी एस्तेरला सांभाळते आहे.

एका गुरुवारी विलासभाऊंची बस दुरुस्तीला गेली होती. अनायासे वेळ मिळालाय तर क्लासच्या मधल्या सुट्टीत मुलीला उसाचा रस पाजावा म्हणून ते अडीचलाच तिथं गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "रणपिसे? ती तर दोन आठवडे येतच नाही." त्यांनी फोन लावला. बंद.

ते हॉलच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा साडेचार वाजले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, हातात हेल्मेट. एस्तेर जमिनीवर वही पसरून बसली होती. मी खुर्चीत होते, हातात चहाचा कप. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे.

"चप्पल घाल," ते तिला म्हणाले. ती उठली. वही तिथंच राहिली.

मग मला म्हणाले, "ताई, माझा नंबर हाय ना तुमच्याकडं?"

"आहे."

"बरं."

एवढंच. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी त्या कपाकडे बघत बसले. ते ओरडले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

त्या रविवारी तरुण संघाला आठ मुलं आली. एस्तेर नव्हती, आणखी दहा जण नव्हते. पालकांनी एकमेकांना फोन केले होते. रणपिसेंची मुलगी क्लास बुडवून चर्चमध्ये बसायची आणि ताईंना माहीत होतं, असं ते बोलत होते. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे मला रागही येईना. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आदला रविवार, सात दिवसांवर होता, गुड फ्रायडेला मुलांनी गायचं ठरलं होतं. मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, मी हे काम सोडते.

ते पेन्शनीच्या वयाचे, बोलायला कमी. म्हणाले, "सोडा. पण आधी अकरा घरी जाऊन या. आणि मुलांना परत बोलवायला जाऊ नका. आईवडिलांना भेटायला जा. मुलांचा विषय त्यांनी काढला तरच काढा."

सोमवारी मी सगळ्यात अवघड घरी आधी गेले. येरवड्यात एका जुन्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रणपिसे राहायचे. दार एस्तेरच्या आईनं उघडलं, कमलताईंनी. एस्तेर मावशीकडे गेली होती. विलासभाऊ सकाळची फेरी करून आले होते, बनियनवर जेवत बसले होते. मला बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, जेवून घ्या, मी थांबते. ते म्हणाले, "झालंच हाय." झालं नव्हतं, दिसत होतं.

मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते काहीच आठवलं नाही. नुसतं म्हटलं, "भाऊ, माझी चूक झाली. मी तुम्हाला फोन करायला हवा होता. पहिल्याच दिवशी."

कमलताईंनी चहा टाकला होता, त्याचा वास घरभर पसरला. मग विलासभाऊ म्हणाले, "क्लासवरनं निघालो ते तिच्या दोन मैत्रिणींच्या घरी गेलो. मग बसस्टॉपवर. मग नदीवरच्या पुलावर गेलो, ताई. गाडी लावली आन खाली वाकून बघितलं. पाणी नव्हतं जास्त. तरी बघितलं. हे तिला सांगितलं नाय मी."

कमलताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटत होतं कायतरी आहे. भाजी न बोलता खायची. कारल्याची केली तरी." आणि त्या पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

निघताना विलासभाऊ जिन्यापर्यंत आले. "एक विचारू? रविवारी दोन तास तिथं तुमी काय करता? म्हंजे वाईट अर्थानं नाय. दोन वर्षं मी तिला सोडतोय. मला म्हाईतच नाय आत काय असतं."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांना ते सांगावं असं दोन वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं, हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा दिसलं. मी म्हटलं, "रविवारी आत या ना. बसा आमच्यात."

शनिवारपर्यंत मी उरलेल्या दहा घरी जाऊन आले. शिफ्ट सुटली की स्कूटर काढायची, उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळायची आणि निघायचं. प्रत्येक घरी पाणी, प्रत्येक घरी चहा. एका घरी कैरीचं नवं लोणचं बरणीत भरायला मी मदत केली. एका घरी आजोबांनी मला आपली परीक्षा कशी चुकली होती ते तासभर सांगितलं. शाळेत मराठी शिकवणाऱ्या सुमन पवारांनी मला समोर बसवून सुनावलं, "मुलगा येतो माझा तुमच्याकडे. काय केलं विचारलं की म्हणतो, मस्त. मस्त हे क्रियापद आहे का? मी काय समजायचं त्यातून?" मी हसले, त्या हसल्या नाहीत. पण जाताना म्हणाल्या, "येते रविवारी. बघू तुमचं मस्त."

झावळ्यांच्या रविवारी सकाळी मिरवणूक झाली. संध्याकाळी चारला मी हॉलमध्ये वीस खुर्च्या जास्तीच्या मांडल्या आणि दारात उभी राहिले. पालक नेहमीप्रमाणे गेटशी थांबले. कुणीच पुढं येईना. मग विलासभाऊंनी गाडी स्टँडला लावली, एस्तेरच्या मागून चालत आले आणि शेवटच्या खुर्चीवर हेल्मेट मांडीत घेऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचे आले. आपापल्या आईबापांना तिथं बघून काही मुलांचे चेहरे असे झाले होते, जसे काही घरचे कपडे घालूनच ती शाळेत आली आहेत.

त्या दिवशी उतारा होता बारा वर्षांच्या येशूचा. सणाला गेलेला मुलगा परतताना मागं राहतो, आईवडील तीन दिवस शोधतात आणि शेवटी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. मी हा उतारा आधीही दोनदा घेतला होता. दर वेळी मी मुलाच्या बाजूनं बोलले होते. त्याची ओढ, त्याचे प्रश्न, त्याची समज. त्या दिवशीही तसंच सुरू केलं.

मागून विलासभाऊंनी अर्धवट हात वर केला. "एक विचारू? ते तीन दिवस आई कुठं कुठं फिरत होती, ते दिलंय का पुढं?"

मी पान बघितलं. "नाही. इतकंच आहे की नातेवाइकांत शोधलं आणि मग शहरात परत आले."

"दिलं पायजे होतं," ते म्हणाले.

मग सुमनताई शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "कुठं शोधलं असेल ते काय अवघड आहे? आधी चुलत्याकडे. मग त्या मित्राकडे, जो आपल्याला आवडत नाही." मुलं हसली. कुणाची तरी आई म्हणाली, "क्रिकेटच्या मैदानावर." कुणाचे वडील म्हणाले, "पोलीस चौकीत. पण आत जायची हिंमत होणार नाही, बाहेरूनच बघणार." दुसरी आई म्हणाली, "दवाखान्यात." हसणं हळूहळू थांबलं. एकेक पालक बोलत गेला आणि आपल्याला कोण, कुठं, कसं शोधेल हे एकोणीस मुलं पहिल्यांदाच ऐकत बसली.

शेवटी विलासभाऊ राहिले. ते खाली बघत म्हणाले, "पुलावर."

एस्तेर दुसऱ्या रांगेत होती. ती मागं वळली. तिनं बापाकडे पाहिलं, ते हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होते. ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत मागं गेली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. उरलेला तास ती तिथंच बसून होती.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर एकच गोष्ट कबूल केली. मुलांना म्हटलं, तुम्ही मला सांगाल ते मी गावभर करणार नाही. पण ज्यासाठी तुमचे आईबाबा तुम्हाला शोधत फिरतील, असं काही मी पोटात ठेवणार नाही. ते तुम्हीच घरी सांगायचं, मी सोबत येईन. मुलांना ते फार आवडलं असेल असं नाही. दोघं तिघं नंतर महिनाभर माझ्याशी जपून बोलायचे. तेवढी किंमत योग्यच होती.

पण पालक त्यानंतर गेटबाहेर राहिले नाहीत. कुणी मोठं काही केलं नाही. सुमनताईंनी मुलांच्या गुड फ्रायडेच्या निवेदनातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनानं काढल्या आणि मग स्वतःच शेजारी बसून ते सुधारून दिलं. कमलताई मुलांच्या तालमीला भिजवलेल्या मटकीची उसळ घेऊन आल्या. कुणाचे तरी वडील दर रविवारी नुसते येऊन बसायचे आणि डुलकी घ्यायचे. त्यांच्या मुलाला त्याचीच लाज वाटायची, आणि ते एखाद्या रविवारी आले नाहीत की तोच दाराकडे बघत राहायचा.

या वर्षी फेब्रुवारीत परीक्षार्थींसाठी प्रार्थना झाली तेव्हा रिया हॉलतिकीट हातात धरून पुढं उभी होती. पूर्वी मी मुलांच्या शेजारी उभी राहायची, मला त्यांचे चेहरे दिसायचे. आता बाकावरून मला तिची फक्त पाठ दिसली. पालकांना एवढंच दिसतं. तिच्या वेणीचं रबर सैल झालं होतं आणि ते नीट करावं असं मला फार वाटत होतं.

तरुण संघ आता एस्तेर चालवते. ती वनस्पतिशास्त्र शिकली, बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. ताकाच्या ग्लासाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "ताई, रियाला तुमच्याशी थोडं बोलायचंय. काळजीचं नाही. पण तिला एकटीला जमत नाहीये. मी रविवारी तिच्यासोबत घरी आले तर चालेल?" मी म्हटलं, ये. आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिले. रविवारी त्या दोघी आल्या, आम्ही बोललो. रियाला अकरावीला सायन्स नको होतं, इतकंच. मी मनातल्या मनात चार दिवस कुठं कुठं जाऊन आले होते ते तिला सांगितलं नाही.

पण त्या उन्हाळ्यातली एक सकाळ सांगायची राहिली आहे.

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही त्या वर्षी वाघोलीच्या पुढं, मंडळीतल्या एकांच्या शेतातल्या टेकाडावर करायचं ठरवलं. इतक्या लोकांनी जायचं कसं, हा प्रश्न होता. विलासभाऊंनी मालकाला विचारून आपली बस आणली. रविवारी ती नुसती उभीच असते, म्हणाले. मुलं, पालक, पाळकसाहेब, पेटी, चहाचं पिंप, सगळं त्या बसमध्ये मावलं. टेकाडावर गार वारा होता. पूर्व उजळत गेली तसं आम्ही गायलो, बेसूर पण मोठ्यानं. मग प्रत्येकानं प्रत्येकाला ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या, अंडी खाल्ली, चहा प्यायलो आणि ऊन अंगावर घेत परत निघालो.

येताना मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. मागं मुलं आणि त्यांचे आईबाप एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. एस्तेर पुढं, बापाच्या बाजूच्या छोट्या सीटवर बसली होती. रस्ता रिकामा होता, दुतर्फा नवे टॉवर आणि त्यांच्यामध्ये शिल्लक राहिलेली ज्वारीची वावरं. मग एस्तेर म्हणाली, "पप्पा, मला इंजिनिअरिंग नाही करायचं."

विलासभाऊंची नजर रस्त्यावर होती. मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. किती दिवस त्या बसमधल्या माणसांना ते काय काय सांगत आले होते, ते मला माहीत होतं. मागून एक मोटार हॉर्न वाजवत आली, त्यांनी तिला पुढं जाऊ दिलं.

"मग काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"सांगायला वेळ लागेल."

त्यांनी गिअर खाली टाकला. बस रस्त्याच्या डाव्या बाजूला आली आणि सायकलच्या वेगानं चालायला लागली.

"सांग," ते म्हणाले. "गाडी सावकाश घेतो."